सांताक्रूझमधील पर्यटन उद्योग

सांताक्रूझमधील पर्यटन उद्योग म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यातील सांताक्रूझ आणि त्याला लागून असलेल्या जुहू, विलेपार्ले, सहार, कालिना व वाकोला या भागांत विमानतळ, हॉटेले, प्रवासी संस्था, वाहतूक आणि समुद्रकिनारा यांच्या आधारे चालणारा व्यवसाय होय. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ दीर्घकाळ 'सांताक्रूझ विमानतळ' या नावाने ओळखला जात असे. विमानाने भारतात येणाऱ्या परदेशी प्रवाशांच्या संख्येत दिल्लीखालोखाल मुंबईचा क्रमांक लागतो. महाराष्ट्रातील लेणी, किल्ले, तीर्थक्षेत्रे व अभयारण्ये पाहण्यासाठी येणारे, तसेच गोव्याकडे जाणारे अनेक पर्यटक याच परिसरातून पुढे जातात.

पर्यटनशास्त्राच्या दृष्टीने सांताक्रूझ हे गंतव्यस्थान कमी आणि प्रवेशद्वार अधिक आहे. येथे उतरणारा प्रवासी बहुधा एखादी रात्र राहतो किंवा काही तासांत पुढील प्रवासाला निघतो. त्याच्या खर्चाचा लाभ विमान कंपन्या, हॉटेल समूह, केंद्र व राज्य शासन आणि दूरवरची पर्यटनस्थळे यांच्यात विभागला जातो. जमिनीची टंचाई, इमारतींच्या उंचीवरील मर्यादा, ध्वनी, वाहतूककोंडी आणि नदीच्या प्रवाहातील बदल हे परिणाम मात्र परिसरातच राहतात. त्यामुळे पर्यटन उद्योग कसा चालतो आणि त्याचा लाभ व भार यांची वाटणी कशी होते, हे समजून घेण्यासाठी सांताक्रूझ हे एक महत्त्वाचे उदाहरण ठरते.

संज्ञा व व्याप्ती

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेच्या व्याख्येनुसार, नेहमीच्या वास्तव्याच्या परिसराबाहेर एका वर्षापेक्षा कमी काळासाठी प्रवास करणारी आणि त्या ठिकाणी नोकरी पत्करण्याचा हेतू नसलेली व्यक्ती ही 'अभ्यागत' होय. किमान एक रात्र मुक्काम करणाऱ्या अभ्यागतास पर्यटक म्हणतात, तर त्याच दिवशी परतणाऱ्यास दिवस-सहलकर्ता मानतात. मौजेसाठी आलेल्यांप्रमाणेच व्यावसायिक बैठक, परिषद, वैद्यकीय उपचार, तीर्थयात्रा किंवा नातलगांची भेट यांसाठी आलेल्या व्यक्तीही या व्याख्येत मोडतात.

ही व्याख्या सांताक्रूझला लागू करताना काही वैशिष्ट्ये आढळतात. रविवारी संध्याकाळी जुहू किनाऱ्यावर येणाऱ्या गर्दीत अंधेरी, घाटकोपर, कुर्ला अशा उपनगरांतील कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. नेहमीच्या परिसरातच वावरत असल्याने ती पर्यटनाच्या आकडेवारीत धरली जात नाहीत. याउलट वांद्रे-कुर्ला संकुलातील एका बैठकीसाठी बंगळूरहून येऊन रात्रभर राहणारा अधिकारी किनाऱ्याकडे फिरकला नाही तरी पर्यटक गणला जातो. विमानतळावर केवळ विमान बदलणारा प्रवासी विमानतळाच्या प्रवासीसंख्येत मोजला जातो, पण तो पर्यटक ठरत नाही. म्हणून विमानतळाची प्रवासीसंख्या आणि परिसरातील पर्यटकांची संख्या या दोन भिन्न गोष्टी आहेत.

इतिहास

विमानवाहतुकीपूर्वीचा काळ

सांताक्रूझ हे नाव 'पवित्र क्रूस' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आले आहे. साष्टी बेटावरील हा भाग पूर्वी भातशेती, नारळीची झाडे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची गावठाणे आणि कोळीवाडे यांनी व्यापलेला होता. कालिना हे नाव 'कोळेकल्याण' या जुन्या गावनावाशी जोडले जाते. पश्चिमेकडील जुहूचा किनारा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील सधन कुटुंबांच्या हवापालटाचे ठिकाण बनला. कारावासातून सुटका झाल्यानंतर महात्मा गांधी यांनीही १९४४ साली प्रकृतिस्वास्थ्यासाठी जुहू येथे वास्तव्य केले होते.

जुहू ते सांताक्रूझ

१९२८ साली स्थापन झालेला जुहू विमानतळ हा भारतातील पहिला नागरी विमानतळ मानला जातो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आणलेले विमान येथेच उतरले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ या उड्डाणापासून मानण्यात येतो. जुहूची धावपट्टी समुद्रालगत व सखल भागात असल्याने पावसाळ्यात तिच्या वापरावर मर्यादा येत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझ येथील मोठी धावपट्टी ब्रिटिश हवाई दलाच्या वापरात होती. युद्धानंतर ती नागरी वाहतुकीसाठी उपलब्ध झाली आणि प्रवासी विमानसेवा जुहूहून सांताक्रूझला हलली. जुहू विमानतळ आज मुख्यतः हेलिकॉप्टरसेवेसाठी वापरला जातो.

सांताक्रूझ येथे १९५८ साली नवी प्रवासी इमारत सुरू झाली. जेट विमानांमुळे प्रवाशांची संख्या वाढल्यावर १९८० च्या दशकाच्या आरंभी सहार येथे आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी स्वतंत्र टर्मिनल उभारण्यात आले. तेव्हापासून देशांतर्गत प्रवासासाठी 'सांताक्रूझ' आणि परदेश प्रवासासाठी 'सहार' असे म्हणण्याचा प्रघात पडला. १९९९ साली विमानतळास छत्रपती शिवाजी यांचे नाव देण्यात आले व २०१८ साली त्यात 'महाराज' हा शब्द समाविष्ट झाला. २००६ साली विमानतळाचे व्यवस्थापन जीव्हीके समूहाच्या नेतृत्वाखालील खासगी-सरकारी कंपनीकडे गेले. एकात्मिक टर्मिनल २ चे उद्घाटन जानेवारी २०१४ मध्ये झाले. २०२१ साली व्यवस्थापन अदानी समूहाकडे आले.

निवास व्यवसायाची वाढ

१९६० च्या दशकात जुहू किनाऱ्यावर सन-एन-सँड हे हॉटेल सुरू झाले आणि दक्षिण मुंबईबाहेरील उच्च दर्जाच्या निवास व्यवसायाचा पाया घातला गेला. त्यानंतर एअर इंडियाची उपकंपनी असलेल्या हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने विमानतळासमोर व जुहू किनाऱ्यावर 'सेंटॉर' नावाची दोन हॉटेले उभारली. विमान कंपनीचे कर्मचारी, उड्डाण रद्द झाल्याने अडकलेले प्रवासी आणि परदेशी पाहुणे यांची सोय करणे हा त्यामागील एक हेतू होता. १९८६ साली सहार येथे सी. पी. कृष्णन नायर यांचे लीला हॉटेल सुरू झाले.

निर्गुंतवणूक धोरणानुसार २००२ च्या सुमारास दोन्ही सेंटॉर हॉटेले विकण्यात आली. विमानतळासमोरचे हॉटेल ८३ कोटी रुपयांना विकले गेले. खरेदीदाराने ते अल्पावधीतच ११५ कोटी रुपयांना सहारा समूहास विकल्याने हा व्यवहार संसदेत व नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात चर्चेचा विषय ठरला. ते हॉटेल पुढे 'सहारा स्टार' या नावाने चालू राहिले. जुहूचे हॉटेल १५३ कोटी रुपयांना विकले गेले आणि काही वर्षांनी बंद पडले. २००४ साली सांताक्रूझ पूर्व येथे पाचशेहून अधिक खोल्यांचे ग्रँड हयात आणि २०१६ साली टर्मिनल १ लगत ताज सांताक्रूझ ही हॉटेले सुरू झाली.

उद्योगाची रचना

पर्यटन हा एकच उद्योग नसून अनेक उद्योगांची साखळी आहे. प्रवासी ज्याला 'सहल' म्हणतो ती प्रत्यक्षात विमान, मोटार, खोली, भोजन, मार्गदर्शन व विमा अशा स्वतंत्र सेवांची जुळणी असते. सांताक्रूझ परिसरात या साखळीचे पुढील दुवे आढळतात.

विमानतळ

मुंबई विमानतळाला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. छेद असल्याने दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात एका धावपट्टीच्या क्षमतेवरच येथील वाहतूक चालते आणि तरीही दिवसाला नऊशेहून अधिक उड्डाणे व अवतरणे हाताळली जातात. २०२३-२४ या आर्थिक वर्षात येथून सुमारे ५ कोटी २८ लाख प्रवाशांनी ये-जा केली. उड्डाणांसाठीच्या वेळा मर्यादित असल्याने नव्या विमानसेवांना जागा मिळणे कठीण जाते. या टंचाईचा परिणाम तिकिटांच्या दरांवरही होतो.

विमानतळाचे उत्पन्न दोन प्रकारचे असते. विमान उतरविणे, उभे करणे व प्रवासी सेवा यांचे शुल्क हे विमानविषयक उत्पन्न होय. त्याचे दर भारतीय विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरविते. दुकाने, उपाहारगृहे, वाहनतळ व जाहिराती यांपासून मिळणारे उत्पन्न दुसऱ्या प्रकारात मोडते. करारानुसार मुंबई विमानतळाच्या चालक कंपनीने आपल्या स्थूल महसुलातील ३८.७ टक्के हिस्सा भारतीय विमानतळ प्राधिकरणास द्यावयाचा असतो. देशातील कमी वर्दळीच्या विमानतळांचा तोटा सोसण्यास प्राधिकरणाला अशा उत्पन्नाचा उपयोग होतो. अशा रीतीने मुंबईतील प्रवाशाने भरलेल्या शुल्काचा काही भाग दूरच्या राज्यातील लहान विमानतळापर्यंत पोहोचतो.

निवास व भोजन

विमानतळ परिसरातील हॉटेलांचे ग्राहक तीन प्रकारचे असतात: ठरावीक दराने वर्षभराच्या कराराने खोल्या घेणाऱ्या विमान कंपन्या, व्यावसायिक प्रवासी आणि विवाह व परिषदा यांसाठी येणारे समूह. समुद्रकिनारी पर्यटनस्थळी जशी हंगामानुसार मोठी चढ-उतार असते, तशी येथे नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी व्यावसायिकांची गर्दी असते, तर शनिवार-रविवारी विवाहसमारंभ व कौटुंबिक मुक्काम खोल्या भरतात.

मोठ्या हॉटेलांत इमारतीचा मालक आणि नाममुद्रा चालविणारा समूह हे बहुधा वेगवेगळे असतात. व्यवस्थापन करारानुसार चालक समूहास महसुलातील व नफ्यातील हिस्सा मिळतो, तर इमारतीचे कर्ज व दुरुस्तीचा खर्च मालकाकडे राहतो. पंचतारांकित हॉटेलांबरोबरच वाकोला, विलेपार्ले पूर्व व स्थानक परिसरात मध्यम दराची हॉटेले, लॉज व अतिथिगृहे आहेत. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत विहित नमुन्यात नोंदविणे सर्व निवासस्थानांना बंधनकारक आहे. विमानात वाढले जाणारे भोजन तयार करणारी मोठी स्वयंपाकघरे, धुलाई केंद्रे, फूल व भाजी पुरवठादार हे या साखळीचे न दिसणारे दुवे होत.

स्थानिक वाहतूक

पश्चिम रेल्वेवरील सांताक्रूझ स्थानक, पश्चिम द्रुतगती महामार्ग, २०१४ साली खुला झालेला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आणि बेस्टच्या बसगाड्या यांवर परिसराची वाहतूक अवलंबून आहे. रिक्षा केवळ उपनगरांत चालतात. वांद्रे व शीव यांच्या दक्षिणेस त्यांना परवानगी नाही, त्यामुळे दक्षिण मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशास टॅक्सी घ्यावी लागते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचालकांची विमानतळावरील मक्तेदारी ॲपवर आधारित सेवांमुळे संपुष्टात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो मार्गिका ३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झाला आणि दोन्ही टर्मिनल प्रथमच मेट्रोने जोडली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली.

प्रवासी संस्था

प्रवासी संस्था विमान व हॉटेले यांच्याकडून घाऊक दराने जागा घेऊन त्यांची एकत्रित सहल तयार करतात. परदेशातून आलेल्यांसाठी काम करणाऱ्या, देशांतर्गत सहली काढणाऱ्या आणि भारतीयांना परदेशी नेणाऱ्या असे त्यांचे तीन प्रकार आहेत. केसरी (१९८४) व वीणा वर्ल्ड (२०१३) यांसारख्या मुंबईतील संस्थांनी मराठी भाषक सहल व्यवस्थापक आणि घरगुती वळणाचे भोजन यांच्या बळावर मराठी मध्यमवर्गात परदेशी सहलींची मोठी बाजारपेठ निर्माण केली. सहार टर्मिनलवर रात्री जमणारे अशा सहलींचे गट हे परिसराचे परिचित दृश्य आहे. अर्थशास्त्रीय दृष्टीने मात्र परदेशी सहलीचा बहुतांश खर्च देशाबाहेर जात असल्याने ती सेवेची आयात ठरते.

आकर्षणस्थळे

जुहू किनारा, तेथील भेळ, पावभाजी व बर्फाच्या गोळ्यांचे ठेले, १९७८ साली खुले झालेले इस्कॉन मंदिर, त्याच वर्षी सुरू झालेले पृथ्वी थिएटर आणि चित्रपट कलावंतांच्या बंगल्यांबाहेर जमणारी चाहत्यांची गर्दी ही प्रमुख आकर्षणे आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन भरले होते. अशा परिषदांमुळे आसपासच्या हॉटेलांना मोठ्या प्रमाणावर मागणी मिळते. उपनगरांतील खासगी रुग्णालयांत पश्चिम आशिया व आफ्रिकेतून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हाही मुक्कामी ग्राहकांचा एक वर्ग आहे.

आर्थिक परिणाम

गुणक व गळती

पर्यटकाने खर्च केलेला रुपया अनेक हातांतून फिरतो. हॉटेल कर्मचाऱ्याचे वेतन वाण्याकडे, शाळेत व घरभाड्यात जाते आणि त्यातून नवे उत्पन्न निर्माण होते. यास गुणक परिणाम म्हणतात. खर्चाचा जो भाग आयात माल, परदेशी नाममुद्रेचे शुल्क, ऑनलाइन आरक्षण संकेतस्थळांचे कमिशन किंवा बाहेरील भागधारकांचा नफा या रूपाने क्षेत्राबाहेर जातो, त्यास गळती म्हणतात. गळती जितकी अधिक, तितका स्थानिक गुणक कमी असतो.

सांताक्रूझमध्ये दोन टोके शेजारी आढळतात. जुहूच्या ठेल्यावर खर्च झालेल्या रकमेतून कच्चा माल, मजुरी व नफा यांचा मोठा भाग मुंबईतच फिरतो. आंतरराष्ट्रीय नाममुद्रेच्या हॉटेलातील खोलीभाड्याची रक्कम मोठी असली, तरी तिच्यातून व्यवस्थापन शुल्क, आरक्षणाचे कमिशन व कर्जावरील व्याज वजा होते. अर्थात, एकूण वेतन आणि कर यांचा विचार करता मोठ्या हॉटेलाचे योगदान निर्विवादपणे अधिक असते. त्यामुळे 'लहान व्यवसाय हितकारक व मोठा अहितकारक' असा सरळ निष्कर्ष यातून निघत नाही.

करांची वाटणी

हॉटेलातील खोलीवर वस्तू व सेवा कर आकारला जातो. हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्यास त्याचा निम्मा व केंद्रास निम्मा वाटा मिळतो. विमानाच्या इंधनावर राज्याचा मूल्यवर्धित कर असतो. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र शासनाने मुंबई, पुणे व रायगड येथील हा दर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. इंधन इतर राज्यांत भरण्याचा कल रोखणे आणि विमानसेवा आकर्षित करणे हा अशा कपातींमागील विचार असतो.

रस्ते, पाणी, सांडपाणी, कचरा व किनाऱ्याची स्वच्छता यांची जबाबदारी प्रामुख्याने बृहन्मुंबई महानगरपालिकेवर आहे. पर्यटकाच्या खर्चावर थेट कर आकारण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे नाही. मालावरील जकात हे महापालिकेचे मोठे उत्पन्न १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर बंद झाले आणि त्याऐवजी राज्याकडून नुकसानभरपाई मिळू लागली. मालमत्ता कर, पाणीपट्टी व परवाना शुल्क हीच पर्यटन व्यवसायातून तिला मिळणारी प्रत्यक्ष प्राप्ती आहे. पर्यटनाचा भार उचलणारी संस्था आणि त्यापासून महसूल मिळविणारी संस्था या वेगळ्या असल्याची ही ठळक स्थिती आहे.

राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा

परदेशी पर्यटकाने भारतात केलेला खर्च देशाच्या दृष्टीने सेवेची निर्यात होय, कारण त्यातून परकीय चलन मिळते. २०१९ साली भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले. पर्यटन उपग्रह लेख्यांनुसार २०१९-२० मध्ये देशाच्या स्थूल उत्पन्नात पर्यटनाचा वाटा सुमारे ५ टक्के होता. देशांतर्गत पर्यटनाची उलाढाल परदेशी पर्यटनापेक्षा कितीतरी मोठी असली, तरी तिच्यातून परकीय चलन मिळत नाही. देशातील एका भागाचे उत्पन्न दुसऱ्या भागात नेण्याचे काम ती करते.

रोजगार

पर्यटन हा श्रमप्रधान व्यवसाय आहे. विमानतळावर सामान हाताळणे, सुरक्षा, सफाई, दुकाने व वाहनसेवा, तर हॉटेलांत खोल्यांची निगा, स्वयंपाक, वाढप व देखभाल अशी कामे असतात. दादर येथील हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ पासून या क्षेत्रासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ तयार करीत आहे. विमान कंपन्यांतील नोकऱ्यांमुळे सांताक्रूझ, विलेपार्ले व कालिना येथील इंग्रजी जाणणाऱ्या मध्यमवर्गाला, विशेषतः स्त्रियांना, पगारी नोकरीचा एक मार्ग १९५० च्या दशकापासून खुला झाला. कालिना येथील एअर इंडियाच्या कर्मचारी वसाहती हे त्या काळाचे चिन्ह होते. २०२२ साली एअर इंडिया टाटा समूहाकडे गेल्यानंतर कर्मचाऱ्यांना त्या सोडाव्या लागल्या.

खासगीकरणानंतर कायम नोकऱ्यांचे प्रमाण घटून कंत्राटी कामाचे प्रमाण वाढले. एकाच टर्मिनलमध्ये शेजारी काम करणाऱ्या दोन व्यक्तींचे मालक, वेतन व सेवाशर्ती भिन्न असू शकतात. सुरक्षा तपासणी, पोलीस पडताळणी व प्रवेशपास यांच्या अटींमुळे विमानतळाला लागून राहणाऱ्या वस्त्यांतील सर्वांनाच तेथे काम मिळते असे नाही.

भूमी व समाजावरील परिणाम

विमानतळाच्या जमिनीभोवती अनेक दशकांत दाट वस्त्या वाढल्या. विमानतळाच्या मालकीच्या सुमारे २७६ एकर जमिनीवर सुमारे ८० हजार कुटुंबे राहत असल्याचे सांगितले जाते. त्यांच्या पुनर्वसनाचे काम २००७ साली एका खासगी विकासकाकडे सोपविण्यात आले होते, पण पुढे तो करार रद्द झाला. पात्रतेची तारीख, पर्यायी घरांचे अंतर आणि रोजगारापासून तुटण्याची भीती हे वादाचे मुख्य मुद्दे राहिले. यांतील अनेक रहिवासी विमानतळ व हॉटेलांतच सफाई, वाहनचालक किंवा हमाल म्हणून काम करतात. त्यामुळे वस्ती दूर हलविल्यास उद्योगाच्या मनुष्यबळावरही परिणाम होतो.

धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडील विमानमार्गाखाली इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. स्थानिक बोलीत या पट्ट्यास 'फनेल झोन' म्हणतात. विमानांच्या सुरक्षेसाठीच्या २०१५ च्या उंचीविषयक नियमांनुसार बांधकामापूर्वी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. मुंबईत जुन्या इमारतींचा पुनर्विकास हा वाढीव मजल्यांच्या विक्रीवर चालतो. मजले वाढविता येत नसल्याने सांताक्रूझ, विलेपार्ले व कुर्ला येथील अनेक जुन्या गृहनिर्माण संस्थांना विकासक मिळणे कठीण झाले. विमानप्रवासाचा लाभ देशभर पसरतो, पण त्यासाठीच्या या निर्बंधाची किंमत त्या इमारतींतील रहिवासी मोजतात.

गावठाणे व कोळीवाडे यांच्यावरही परिणाम झाला. शेतजमिनी धावपट्टी, महामार्ग व वसाहती यांसाठी गेल्याने ईस्ट इंडियन समाजाचा पारंपरिक व्यवसाय संपला. जुहू कोळीवाड्यातील मासेमारी अद्याप टिकून असली, तरी किनाऱ्याच्या वापरात मासे वाळविणे, होड्या लावणे आणि करमणूक यांच्यात स्पर्धा आढळते.

पर्यावरणीय परिणाम

विहार व पवई तलावांतून येणारी मिठी नदी विमानतळाच्या हद्दीतून माहीमच्या खाडीकडे वाहते. धावपट्टीच्या विस्तारासाठी तिचा प्रवाह वळविण्यात व बंदिस्त करण्यात आला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या वेळी नदीकाठच्या कालिना, कुर्ला परिसरात मोठी हानी झाली आणि विमानतळही बंद ठेवावा लागला. या पुरानंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरणाची स्थापना झाली, तसेच माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. नदीपात्राचे आक्रसणे व तीव्र वळणे यांकडे या काळात विशेष लक्ष वेधले गेले.

जुहू किनाऱ्यावर पावसाळ्यात भरतीबरोबर प्लॅस्टिक कचरा मोठ्या प्रमाणात वाहून येतो. त्यांपैकी पुष्कळसा शहरातील नाल्यांतून समुद्रात गेलेला असतो, म्हणजेच तो केवळ पर्यटकांनी केलेला नसतो. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर १९९१ च्या सागर किनारा नियमन अधिसूचनेने व तिच्या नंतरच्या आवृत्त्यांनी निर्बंध घातले. तत्पूर्वी उभ्या राहिलेल्या हॉटेलांमुळे व बंगल्यांमुळे मात्र किनाऱ्याकडे जाण्याच्या सार्वजनिक वाटा मर्यादित झाल्या आहेत.

संकटे व अस्थिरता

पर्यटनाची मागणी भीती, रोगराई व दिवाळखोरी यांना तत्काळ प्रतिसाद देते. न विकली गेलेली खोली किंवा आसन साठवून ठेवता येत नसल्याने त्या रात्रीचे नुकसान पुढे भरून निघत नाही. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत दोन्ही सेंटॉर हॉटेले लक्ष्य झाली होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी विलेपार्ले येथे टॅक्सीत स्फोट झाला. त्यानंतर वाहनांची व सामानाची तपासणी मोठ्या हॉटेलांत नित्याची झाली. १७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईस्थित जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि तिच्या हजारो कर्मचाऱ्यांचा रोजगार गेला.

कोविड-१९ महासाथीत मार्च २०२० मध्ये विमानसेवा बंद झाली. देशांतर्गत उड्डाणे २५ मे २०२० पासून मर्यादित स्वरूपात, तर नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे २७ मार्च २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. भारतात येणाऱ्या परदेशी पर्यटकांची संख्या २०२० साली सुमारे २७ लाखांवर घसरली. या काळात विमानतळाजवळील काही हॉटेले परदेशांतून परतलेल्या प्रवाशांच्या विलगीकरणासाठी वापरली गेली. सहार येथील हयात रीजन्सी हॉटेलाने जून २०२१ मध्ये निधीअभावी आपले कामकाज थांबविले. व्यवस्थापन करारात चालक व मालक यांच्यातील जोखमीची विभागणी किती नाजूक असते, हे या घटनेतून दिसून आले.

धोरण

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली. राज्याच्या पर्यटन धोरणाचा भर प्रामुख्याने ग्रामीण, किनारी व वारसास्थळांवर राहिला आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा घोषित झाला, २०२० साली कृषी पर्यटन धोरण आले आणि २०२३ साली महिला पर्यटन व्यावसायिकांसाठी 'आई' हे धोरण जाहीर झाले. आदरातिथ्य क्षेत्रास उद्योगाचा दर्जा देण्याचा निर्णय राज्याने २०२० साली घेतला. त्यानुसार पात्र हॉटेलांना वीज, पाणी व मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारण्याची तरतूद झाली. यामुळे व्यवसायास दिलासा मिळाला, तरी मालमत्ता कर व पाणीपट्टी ही स्थानिक स्वराज्य संस्थेच्या उत्पन्नाची साधने असल्याने या सवलतीचा भार काही अंशी तिच्यावर पडतो.

केंद्र शासनाने २७ नोव्हेंबर २०१४ पासून इलेक्ट्रॉनिक प्रवास परवान्यावर आधारित पर्यटक व्हिसाची सोय नऊ विमानतळांवर सुरू केली. त्यांत मुंबईचा समावेश होता. नंतर ही सोय व्यावसायिक व वैद्यकीय प्रवाशांनाही देण्यात आली.

सद्यःस्थिती

शिर्डी (२०१७) व सिंधुदुर्ग (२०२१) येथे विमानतळ सुरू झाल्यामुळे काही पर्यटक मुंबईस न थांबता थेट गंतव्यस्थानी पोहोचू लागले आहेत. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. मुंबई महानगर प्रदेशाची प्रवासी वाहतूक त्यामुळे प्रथमच दोन मोठ्या विमानतळांत विभागली जात आहे. सांताक्रूझ परिसरातील हॉटेले, टॅक्सीचालक व पुरवठादार यांचा व्यवसाय विमानतळाच्या सान्निध्यावर उभा असल्याने, उड्डाणांच्या या विभागणीचा त्यांच्यावर थेट परिणाम संभवतो. वांद्रे-कुर्ला संकुलातील परिषदा व कार्यालये, तसेच जुहूचा किनारा यांच्यामुळे निर्माण होणारी मागणी मात्र विमानतळावर पूर्णतः अवलंबून नाही. उंचीची मर्यादा, वस्त्यांचे पुनर्वसन व मिठी नदीचे पात्र हे प्रश्न जुन्या धावपट्ट्या वापरात असेपर्यंत कायम राहणारे आहेत.

हे सुद्धा पहा

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ
जुहू
मिठी नदी
वांद्रे-कुर्ला संकुल
महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ
नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ